कारण भेटल्यावर सांगते

४ जानेवारी, सोमवार

आजपासून दैनंदिनी ठेवते आहे. अडतीस वर्षे तर्कशास्त्र शिकवताना मी विद्यार्थ्यांना एकच शिस्त लावली: पाहिलेले वेगळे लिहा, त्यावरून काढलेले अनुमान वेगळे लिहा. निवृत्तीनंतरच्या दहा वर्षांत ही शिस्त वापरण्याजोगे काही घडले नाही. आता घडते आहे.

पाहिलेले असे. सकाळी अकराला एक माजी विद्यार्थी घरी आला. तो आता पुनर्वसन कार्यालयात उपसंचालक आहे. वर्गात तो पहिल्या बाकावर बसे. मनातल्या मनात मी त्याला अजूनही ‘पहिला बाक’ असेच म्हणते. वहिनींनी दाराची साखळी काढली नाही. तो साखळीच्या फटीतूनच म्हणाला, “बाई, घर मागायला नाही आलो. काम मागायला आलोय.” मी साखळी काढली.

आमच्या वस्तीत चार भाषा बोलल्या जातात. संकटाच्या वेळी लोकांपर्यंत कोणाच्या मार्फत पोहोचता येईल, हे कार्यालयाला जाणून घ्यायचे आहे. त्यासाठी नऊ प्रश्नांची प्रश्नावली आहे. ती चारही भाषांत नेमक्या एकाच अर्थाची आहे की नाही, हे मी ठरवायचे.

तो गेल्यावर वहिनी म्हणाल्या, “भरवशाच्या म्हशीला टोणगा, वन्सं. चार वर्षं नोटिसा डकवतात आणि आता प्रश्न विचारणार?”

“नोटिसा काढणारा विभाग वेगळा आहे,” मी म्हटले.

“हात वेगळे असतील. तोंड एकच.”

ही उपमा आहे, युक्तिवाद नव्हे, असे मी सांगितले. त्यांनी साखळी परत लावली.

नोटिसांविषयी इथे एकदाच लिहून ठेवते. आमची इमारत धोकादायक असल्याचे कार्यालयाचे म्हणणे आहे. दोन अभियंत्यांचे दोन अहवाल आहेत आणि ते परस्परविरुद्ध आहेत. म्हणून मी मत राखून ठेवले आहे. वस्तीने मात्र ठेवलेले नाही. मागच्या गल्लीतल्या लोकांना दहा वर्षांपूर्वी ‘दोन महिन्यांसाठी’ हलवले, ते आजतागायत परतले नाहीत. नियम असा आहे की घरात माणूस असेपर्यंत घराला कोणी हात लावू शकत नाही. पण दार बंद आणि आत कोणी नाही, असे एकदा आढळले की घर ‘सोडलेले’ ठरते आणि त्याला मोहोर लागते. त्यामुळे चार वर्षांत आमच्या गल्लीतले एकही घर क्षणभरही रिकामे राहिलेले नाही. लोक पाळ्या लावून घरी बसतात. दादा गेला त्या दिवशीसुद्धा वहिनी आणि मी एकत्र बाहेर पडलो नाही. मी गेले. त्या खिडकीत उभ्या होत्या.

म्हणजे मी काम स्वीकारले तर रोज दहा ते पाच वहिनी घरात अडकणार. हे मी त्यांना विचारले.

“मी कुठे जाणारे? गुडघे तुमचे आहेत की माझे?” एवढेच त्या म्हणाल्या. याला संमती मानण्यास हरकत नाही.

७ जानेवारी, गुरुवार

कार्यालयाच्या चौथ्या मजल्यावर एक लांब खोली आहे, मधोमध फळ्यांची आडभिंत. भिंतीच्या अलीकडचे तिघे माझ्या भाषेतला मूळ प्रश्न आपापल्या भाषेत नेतात. पलीकडचे तिघे, मूळ प्रश्न न पाहता, तो परत आणतात. परत आलेला प्रश्न मूळ प्रश्नाशी जुळला तर भाषांतर भरवशाचे. दोन्ही बाजूंच्या माणसांनी एकमेकांना भेटायचे नाही. चहासुद्धा वेगवेगळ्या वेळी. दोन्हीकडे फक्त मी जाते. पद्धत मला मनापासून आवडली. तिच्यात कोणावरही विश्वास ठेवावा लागत नाही.

अलीकडे तिघे आहेत. एक शिंपी, पन्नाशीचा, कानामागे खडू. एक डोंगराकडची नर्स. आणि एक निवृत्त खलाशी, जो खुर्चीवर बसण्यापूर्वी ती हलवून पाहतो.

आठ प्रश्न एका दिवसात जुळले. चौथा जुळेना: ‘तुमच्या ओळखीतली सर्वांत विश्वासार्ह व्यक्ती कोण?’

शिंपी म्हणाला, “कशासाठी ते सांगा ना. कापड द्यायला एक माणूस, मुलगी द्यायला दुसरा, आणि गुपित सांगायला तिसरा. आमच्यात नुसता विश्वास नसतो. पुढे काम लागतं.”

नर्सच्या भाषेत असा शब्दच नाही. तिथे म्हणतात, ‘याच्या हातचे पाणी भांड्यात न डोकावता पितात.’ आडभिंतीपलीकडून ते परत आले तेव्हा आपल्या भाषेत ‘तहानलेल्याला मदत करणारा’ झाले होते.

खलाशाने खुर्ची पुन्हा एकदा हलवून पाहिली. मग म्हणाला, “शब्द आहे आमच्याकडे. पण जिवंत माणसाला नाही लावत.”

“म्हणजे?”

“माणूस गेला की मग म्हणतात. आता तो काही बदलणार नाही, म्हणून. जित्या माणसाला म्हटलं तर घरचे चिडतात. जणू मरायला टाकलंय.”

शिंपी हसला. “म्हणजे तुमच्यात विश्वासू व्हायचं तर आधी वर जायचं.”

“स्वस्त पडतं,” खलाशी म्हणाला.

संध्याकाळी आपल्या भाषेचा विचार करीत बसले. आपल्याकडे विश्वास बसतो आणि उडतो, जणू फांदीवरचा पक्षी. तो ठेवतात, टाकतात, आणि पात्र माणूस शोधत राहतात. घात हा शब्द त्याला जितका सहज चिकटतो तितका दुसरा कोणताच चिकटत नाही. व्याख्या मात्र आपल्याकडेही नाही.

१३ जानेवारी, बुधवार

सुटले.

चूक अशी होती की मी गुणाचे नाव शोधत होते. गुणाचे नाव प्रत्येक भाषेत वेगळे असते. कृती मात्र चारही भाषांत सारखी घडते. तेव्हा नाव सोडून कृती विचारायची. आणि कृती अशी निवडायची की तिच्यात कारणाला जागाच उरू नये. कारण पटले म्हणून जो उठतो तो कारणावर विश्वास ठेवतो, माणसावर नव्हे.

चौथा प्रश्न आता असा आहे: ‘एखाद्या व्यक्तीने तुम्हाला सांगितले की आत्ता घराबाहेर या, कारण भेटल्यावर सांगते, तर कारण न विचारता तुम्ही बाहेर याल, अशी व्यक्ती कोण?’

तिन्ही भाषांतून प्रश्न जसाच्या तसा परत आला. एक अक्षर मागेपुढे नाही. अडतीस वर्षांत मी इतके स्वच्छ काही रचले नव्हते.

पहिल्या बाकाने ते दोनदा वाचले. “बाई,” तो म्हणाला, “आम्ही चार वर्षं हेच शोधत होतो.”

१४ जानेवारी, गुरुवार

खलाशाने जिन्यात थांबवून विचारले, “या प्रश्नाच्या उत्तरात ज्याचं नाव येईल, त्याचं पुढे काय?”

मी म्हटले, “तो माझ्या कक्षेतला प्रश्न नाही.”

“मग कुणाच्या?”

मला कामाला उशीर होत होता.

२३ जानेवारी, शनिवार

घरोघरी प्रश्नावली देऊन झाली. आमच्या गल्लीत कार्यालयाच्या माणसाला आजवर कोणी दार उघडले नव्हते. या वेळी सर्वांनी उघडले. तळमजल्यावरच्या कुलूपवाल्याकडून याचा उलगडा झाला.

हा मनुष्य नीट सांगितला पाहिजे. जिन्याखाली त्याचे तीन हात रुंदीचे दुकान आहे. मागच्या फळीवर खिळे ठोकलेले. प्रत्येक खिळ्याला एका घराची जादा किल्ली. खिळ्यांवर क्रमांक नाहीत, नावे नाहीत. कोणती किल्ली कोणाची, हे फक्त त्याच्या डोक्यात. कोणी किल्ली मागितली तर तो का म्हणून विचारीत नाही आणि नंतर कोणाला सांगत नाही. एकदा मी त्याला क्रमांक घालण्याची सूचना केली होती. तो म्हणाला होता, “क्रमांक घातले की फळी चोरण्यासारखी होईल, बाई. आत्ता नुसतं लोखंड आहे.”

आज तो म्हणाला, “फॉर्म घेऊन पोरी आल्या तेव्हा कुणी उघडत नव्हतं. मग मीच म्हटलं, वरच्या बाईंचं काम आहे, उघडा. बाई खोटं बोलत नाहीत.”

मी आभार मानले. अनुमान: माझी ख्याती पद्धतीला उपयोगी पडली.

वहिनींनीही प्रश्नावली भरली, पण चौथ्या प्रश्नाचे उत्तर हाताने झाकून.

“लपवण्याजोगे काय आहे त्यात?”

“तुमचं नाव नाही घातलं, काळजी नको,” त्या म्हणाल्या. “मी कुणाच्याही सांगण्यावरून उठणार नाही. यम आला तरी आधी ओळखपत्र बघेन.”

३ फेब्रुवारी, बुधवार

आमच्या इमारतीतल्या चाळीस घरांपैकी एकतीस घरांनी चौथ्या प्रश्नाला कुलूपवाल्याचे नाव लिहिले आहे. चार भाषा, आणि एकच माणूस. मला ते पाहून जो आनंद झाला त्याची येथे नोंद करते, कारण तो लपवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

नावांऐवजी सांकेतिक अंक ठेवावेत, अशी लेखी शिफारस मी केली होती. तक्त्यात नावेच आहेत. पहिला बाक म्हणाला, “पहिल्या फेरीपुरतं, बाई.” फेरीचे वेळापत्रक मी विचारले. ते ठरायचे आहे.

गठ्ठ्यात आमच्या घराचाही कागद होता, घडी घातलेला. मी तो उघडला नाही. घरातल्या माणसाचे उत्तर पाहणे पद्धतीच्या विरुद्ध आहे. शेजारच्या कारकुनाकडे तो दिला आणि त्याने पाहून नोंद केली. नोंद करताना त्याने एकदा माझ्याकडे पाहिले.

१० फेब्रुवारी, बुधवार

कुलूपवाल्याला सोमवारी कार्यालयाने बोलावले होते. दुकान तेव्हापासून बंद आहे. तो तिथे गेला हे पाहिलेले. बाकी सर्व अनुमान. एक: तो लेकीकडे गेला असेल. दोन: आजारी असेल. तीन: दुकानाचे काही काम असेल.

वहिनी म्हणाल्या, “चौथं नाही सुचत?”

“पुराव्याशिवाय नाही.”

“दुकानाच्या फटीतून बघा जरा जाता जाता.”

पाहिले. फळी जागेवर आहे. खिळे रिकामे आहेत.

कार्यालयात विचारले तेव्हा पहिला बाक म्हणाला, “आले होते. फार चांगलं बोलणं झालं.” किल्ल्यांविषयी विचारायचे राहून गेले. खरे लिहायचे तर राहून गेले नाही. मी प्रश्न जुळवला होता आणि विचारला नाही. का, हे मला नीट सांगता येत नाही.

१६ फेब्रुवारी, मंगळवार

आज तळघरातल्या खोलीत आवाज घेतले. भिंतींना जाड कापड लावलेले आहे. तिथे बोललेले स्वतःच्या कानालाही अर्धेच पोहोचते. चौथ्या प्रश्नातले वाक्य योग्य सुरात कसे उच्चारावे, याचे नमुने पाहणी करणाऱ्यांना हवे आहेत, असे सांगण्यात आले. शिंप्याने आणि नर्सने आपापल्या भाषेत वाचले. खलाशी आला नाही. त्याची खुर्ची टेबलाला टेकवून ठेवली होती, उलटी.

शिंप्याने खडू हातात फिरवत विचारले, “बाई, नमुन्याला इतक्या वेळा घ्यावं लागतं? माझ्याकडून अकरा वेळा वाचून घेतलं. एवढं माप तर मी लग्नाच्या कोटाचंही घेत नाही.”

शेवटी मी. मी वाचले: “आत्ता घराबाहेर या. दार ओढून घ्या आणि खाली या. कारण भेटल्यावर सांगते.”

तंत्रज्ञ म्हणाला, “बाई, वर्ग घेतल्यासारखं वाटतंय. घरी कुणाशी बोलता तसं बोला ना.”

घरी मी एकाच व्यक्तीशी बोलते. तेव्हा तिला डोळ्यांपुढे आणून म्हणाले: “वहिनी, मी बोलतेय. दार ओढून घ्या आणि खाली या. कारण भेटल्यावर सांगते.”

“हे झकास,” तो म्हणाला.

‘वहिनी’ हा शब्द मूळ वाक्यात नाही, तो काढून टाकावा, असे मी स्पष्ट सांगितले. “राहू द्या,” तो म्हणाला, “आपलेपणा वाटतो.” मग वायर गुंडाळता गुंडाळता सहज बोलला, “तुम्ही निदान वाचता तरी. ते कुलूपवाले एक वाक्य वाचायला तयार नव्हते. पण तासभर भांडले. आम्हाला भांडणही चालतं. तासभराचा आवाज मिळाला की पुढे त्यातून हवं ते वाक्य तयार करता येतं.”

हे शब्दशः लिहून ठेवते आहे. त्यावरून आज अनुमान काढत नाही. उशीर झाला आहे आणि वहिनी सकाळपासून एकट्या आहेत.

२५ फेब्रुवारी, गुरुवार

वहिनींशी वाद झाला. त्या म्हणाल्या, “तुमचं शास्त्र एवढं मोठं, मग साधं सांगा. लोकांनी कुणाच्या शब्दावर घर सोडावं, हे त्यांना कशाला माहीत करून घ्यायचंय?”

“आपत्तीच्या वेळी.”

“आपत्ती कुठली?”

“कोणतीही. पूर. आग.”

“आणि आपत्ती तेच असतील तर?”

मी सांगितले की हा हेत्वारोप आहे. हेतूवर शंका घेतल्याने विधान असत्य ठरत नाही. त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि भांडी नेहमीपेक्षा मोठ्याने लावू लागल्या. थोड्या वेळाने आतूनच म्हणाल्या, “माझी बुद्धी नाही चालत तुमच्याएवढी. पण मला भीती वाटते. भीती खोटी ठरवून दाखवा, मग झोपते.”

मला ती ठरवता आली नाही. युक्तिवादाचा आकार निर्दोष असला तरी आधारविधाने खरी असतील असे नाही, हे मी प्रत्येक वर्षी पहिल्याच तासाला शिकवीत असे. आधारविधान एकच होते, ‘आपत्तीच्या वेळी’, आणि ते मी कधी तपासले नाही. ज्याने ते दिले तो चांगला विद्यार्थी होता, एवढ्यावर मी ते घेतले. कारण न विचारता.

उद्या काम सोडण्याचे पत्र लिहीन.

१ मार्च, सोमवार

पत्र दिले. पहिल्या बाकाने ते सभ्यपणे घेतले. “फक्त शेवटच्या प्रतीवर सही हवी, बाई. बुधवारी सकाळी गाडी पाठवतो. अर्ध्या तासाचं काम.”

वहिनी म्हणाल्या, “नका जाऊ.”

“का?”

“का ते माहीत असतं तर तुम्हाला सांगायला वेळ लागला नसता.”

आपण हाती घेतलेल्या कामावर सही न करता उठणे मला जमणार नाही.

३ मार्च, बुधवार, सकाळी सव्वाअकरा

गाडी सव्वानऊला आली. फोन नियमाप्रमाणे फाटकावर जमा केला. चौथ्या मजल्यावर कोणी नाही. आडभिंत काढली आहे. फरशीवर तिची रेघ दिसते. शेवटची प्रत अजून आलेली नाही. कारकुनाने चहा आणून दिला आणि बाहेर जाताना दार ओढून घेतले. मी उघडून पाहिले. उघडते आहे. पण जिन्याजवळचे उघडत नाही.

वही सोबत होती म्हणून लिहिते आहे. खिडकीतून आमची गल्ली दिसत नाही, गल्लीकडे वळणारा रस्ता दिसतो. साडेदहापासून त्या रस्त्याने सात मालमोटारी गेल्या. त्यांच्या पुढे एक छोटी गाडी होती, टपावर कर्णा बसवलेली.

माझ्या घराचा नंबर मला पाठ आहे. या खोलीत फोन नाही.

४ मार्च, गुरुवार

मला काल दुपारी दीड वाजता सोडले. प्रत आलीच नाही. फाटकावरच्या शिपायाने फोन परत देताना म्हटले, “बाई, तुमचे लोक शाळेत आहेत.”

शाळेच्या दालनात बाकांवर सगळी गल्ली बसली होती. वहिनी भिंतीकडच्या बाकावर होत्या. पायांत घरातल्या सपाता, अंगावर कामाचा झगा, मुठीत किल्ली. मला पाहून त्या उठल्या नाहीत.

त्यांनी सांगितले ते त्यांच्या शब्दांत लिहिते.

“आधी कर्ण्यावरून कुलूपवाला बोलला. म्हणाला, गॅस फुटलाय, बाहेर या, कारण खाली सांगतो. त्याचाच आवाज. चारही भाषांत. सगळे उतरले. लेकरं काखेत, चुली तशाच. मी नाही उतरले. म्हटलं, हा माणूस तीन आठवडे गायब, आणि आज एकदम चार भाषा यायला लागल्या त्याला? खिडकीतून ओरडले, थांबा रे. कुणी वर बघितलंच नाही.”

“मग?”

“मग घरातला फोन वाजला.”

मी त्यांच्याशेजारी बाकावर बसले.

“तुमचा आवाज आला, वन्सं. वहिनी, मी बोलतेय. मी विचारलं असतं ना, का म्हणून, तर उत्तर आलं नसतं. तेवढ्यावर कळलं असतं. मी विचारलंच नाही. गॅसही बंद नाही केला बघा. दार ओढलं आणि आले.”

गल्लीत सर्वांत शेवटी उतरल्या त्या वहिनी. त्या खालच्या पायरीवर पोहोचल्या तेव्हा सर्व घरे नियमाप्रमाणे ‘सोडलेली’ ठरली. मोहोरा दुपारी बारापर्यंत लागल्या.

मी त्यांना विचारले, चौथ्या प्रश्नाला काय लिहिले होते.

“आता काय करायचंय?”

“मला माहीत असायला हवे.”

“लिहिलं होतं, नणंद,” त्या म्हणाल्या. “आणि खाली लिहिलं होतं, तिला सांगू नका, डोक्यावर बसेल.”

१५ मार्च, सोमवार

आम्हाला कालव्यापलीकडे एक खोली मिळाली आहे. ‘दोन महिन्यांसाठी.’ खिडकी एक, खाटा दोन. लागूनच दुसरी जुनी वस्ती आहे. तिच्या दारांवरही नोटिसा आहेत.

लोक कुलूपवाल्याला गद्दार म्हणतात. मागच्या आठवड्यात कोणीतरी त्याच्या लेकीच्या दारावर दगड मारले. तो स्वतः अजून सापडलेला नाही. लेकीच्या म्हणण्याप्रमाणे तो सोमवारी कार्यालयात गेला तो परतलाच नाही. मला माहीत आहे की कर्ण्यावर तो बोलला नव्हता. हे माहीत असणारी वस्तीत मी एकटी आहे. मी ते अजून कोणाला सांगितलेले नाही, कारण ते सांगितले की पुढचा प्रश्न येतो: ‘तुम्हाला कसे माहीत?’

खलाशाचा शब्द आठवतो. त्याच्या भाषेत आता तो कुलूपवाल्याला लावता येईल का, हे विचारायला खलाशीही राहिला नाही. त्याच्या खोलीला बाहेरून कुलूप आहे.

वहिनी माझ्यावर रागावलेल्या नाहीत. तो राग मला समजला असता. त्या फक्त विचारतात. “खिडकी लावा” म्हटले की “का?” “चहा घ्या” म्हटले की “का?” मी प्रत्येक वेळी कारण देते, पूर्ण, आधारासह. त्या ते ऐकून घेतात आणि मग चहा घेतात. बाहेरून आल्यावर दार ठोठावून मी म्हणते, “वहिनी, मी आहे.” आतून सपातांचा आवाज दारापर्यंत येतो आणि थांबतो. “खिडकीपाशी या आधी. तोंड दाखवा.” दारापासून खिडकी दोन पावलांवर आहे. रोज चालते.

२१ मार्च, रविवार, सकाळी दहा

पाच मिनिटांपूर्वीची गोष्ट.

मी या टेबलाशी बसले होते. वहिनी समोरच्या खाटेवर शेंगा सोलत होत्या. खोलीत कोणी बोलत नव्हते. भिंतीपलीकडच्या वस्तीतून आवाज आला, कर्ण्यातून, मोठा आणि आपलेपणाचा:

“वहिनी, मी बोलतेय. दार ओढून घ्या आणि खाली या. कारण भेटल्यावर सांगते.”

वहिनींचे हात थांबले. त्या माझ्या ओठांकडे पाहत होत्या. माझे तोंड मिटलेले होते. ते मिटलेले आहे हे मला स्वतःलाही एकदा तपासून पाहावे लागले.

आवाज पुन्हा आला. त्या वस्तीतल्या निम्म्या मुली माझ्या वर्गात होत्या. आता त्या कोणा ना कोणाच्या वहिनी आहेत. कुठेतरी एक दार ओढल्याचा आवाज झाला. मग दुसरे.

खाली जाऊन मी काय म्हणणार? ‘घरात परत जा, माझ्यावर विश्वास ठेवा’? तोच आवाज, तीच मागणी, फक्त दिशा उलटी. त्यांनी दोन्हींपैकी कोणता खरा धरावा, याला माझ्याकडे कसोटी नाही. आणि कारणे सांगत बसले, तर पहिल्या कारणाची सुरुवात माझ्यापासून करावी लागेल: चौथा प्रश्न कोणी रचला, ‘वहिनी’ हा शब्द कोणी म्हटला, कुलूपवाला का बोलू शकत नव्हता. शिवाय ही खोली रिकामी राहील. इथल्या नियमाचा कागद मी वाचला आहे. तोही तोच आहे.

तिसरे दार.

वहिनींनी शेंगांचे ताट खाली ठेवले. सपाता काढून चपला घातल्या. जुन्या घराची किल्ली मुठीत घेतली. दार उघडून उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

“उठा, वन्सं.”

“का?” मी विचारले.

“चला आधी. जिन्यात सांगते.”

वही मिटते आहे.